दोन मिनिटांचं अंतर

सोमवार, दुपार

ठोंब्या,

फोनच केला असता, पण फोनवर तुझी अट असते. एका विशिष्ट माणसाचा विषय निघाला की तू 'बरं, ठेवतो' म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. म्हणून पत्र. आपण टपाल वाटणाऱ्या बाईची मुलं आहोत. आलेलं पत्र न फोडता टाकायचं नाही हे तुझ्याही अंगात मुरलं असेल, असं धरून चालते.

आता बसून वाच. आई सायकलच्या शर्यतीत उतरली आहे.

शर्यत म्हणजे गल्लीतली नव्हे. डोंगरातली, जाड टायरच्या सायकलींची, आठवडाभर चालणारी. रोज एक टप्पा. दगड, ओढे, जंगल, पुन्हा दगड. एकट्याला प्रवेश नाही, सगळ्या जोड्या. आणि नियम असा की जोडीतल्या दोघांमध्ये वाटेत कुठेही दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. एक पुढे पळाला आणि दुसरा मागे राहिला तर दंड. तिसऱ्यांदा तसं झालं तर घरी.

मी इथे फिजिओ म्हणून आलेय. दवाखाना आठवडाभर बंद ठेवला आणि एका शाळेच्या मैदानावर तंबूत टेबलं मांडून लोकांच्या पोटऱ्या चोळतेय. आज सकाळी सुटायच्या रेषेजवळ बसून एकाच्या घोट्याला टेप लावत होते. शेजारून दोन पाय गेले. मी माणसं पायांवरून ओळखते, धंदाच तो. डाव्या पोटरीवर कुत्रा चावल्याची जुनी खूण. जगात अशी पोटरी एकच आहे, आणि ती या घटकेला मावशीच्या घरी गुडघे शेकत पडलेली असायला हवी होती. परवाच मावशीला फोन केला तर म्हणाली, "अगं, ती अंघोळीला गेलीय." म्हणजे मावशीही सामील. बहिणी बहिणी आहेत, आपण काय बोलणार.

मी वर पाहिलं. हेल्मेट, काळा चष्मा, पाठीवर नंबर. माझ्या तोंडून निघालं, "आई?"

"हळू बोल. इथे मला कुणी आई म्हणत नाही."

"तू मावशीकडे होतीस ना?"

"होते. तिथूनच आले."

"आणि गुडघे?"

"त्यांनाही आणलंय."

तेवढ्यात भोंगा झाला आणि ती गेली. माझ्या हातातला टेप त्या माणसाच्या घोट्यावरून कधीच पुढे गेला होता. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, गुडघ्यापर्यंत लावायचा असतो का?"

मी अजून सावरलेली नाही. साठी उलटलेली बाई, निवृत्त झाल्यापासून आपल्याला सांगतेय की भाजी आणायला जाते. तीन-तीन तास भाजी आणत होती आणि आणायची एक जुडी. आपल्याला कधी शंका आली नाही. मला नाही आली, तुझा तर प्रश्नच नाही.

जोडीदार कोण, असं तू विचारशील. आहेत एक गृहस्थ. तिच्याच वयाचे, उंच, फारसं बोलत नाहीत. चढावर जरा हळू आहेत म्हणे. त्यांच्याबद्दल आणखी मला काही सांगता येणार नाही. इथे खूप काम पडलंय.

ताई


मंगळवार, संध्याकाळ

ठोंब्या,

कालचं पत्र सामानाच्या गाडीवाल्याकडे दिलं आणि दिल्याबरोबर पश्चात्ताप झाला. ताकाला जाऊन भांडं लपवलं मी. ते उंच गृहस्थ म्हणजे बाबा.

फाडायचं तर फाड. पण मला हे कुणाला तरी सांगितलंच पाहिजे, आणि या जगात ज्याला हे ऐकून माझ्याइतका धक्का बसेल असा दुसरा माणूस नाही.

मी बाबांना दर रविवारी भेटते, हे तुला माहीत आहे. त्याच रविवारांवरून तू माझ्याशी बोलणं कमी केलंस. गेल्या रविवारीही ते आले होते. चहा प्यायले, माझ्या नळाचा वॉशर बदलला आणि म्हणाले, "मधे जरा बाहेरगावी आहे. रविवारी येतोच." मी विचारलं नाही कुठे. निवृत्त क्रेनवाला बाहेरगावी जातो म्हणजे कुठे जाणार, बंदर बघायला. खाली मुंडी आणि पाताळ धुंडी ती हीच.

काल टप्पा संपवून दोघं माझ्या तंबूत आली. शेजारच्या दोन टेबलांवर पडली. ज्या दोघांना एका खोलीत बघून अठरा वर्षं झाली, ती दोघं माझ्यासमोर एकाच रंगाच्या बनियनात, एकाच चिखलाने माखलेली. मला घेरीच यायची बाकी होती. माझ्या मदतनीस मुलीला वाटलं हे एखादं जुनं सुखी जोडपं. ती म्हणाली, "किती गोड ना?" मी तिला बर्फ आणायला पिटाळलं.

आणि बोलणं कसं, तर जुन्याच पद्धतीचं. आई मला म्हणाली, "यांच्या उजव्या मांडीला आधी बघ. उतारावर पाय ताठ ठेवतात, सांगून ऐकत नाहीत." बाबा मला म्हणाले, "हिला सांग, पाणी कमी पिते." मध्ये मी. लहानपणी जेवणाच्या टेबलावर मीठ मागतानासुद्धा आपण दोघं मध्ये असायचो, आठवतं? 'तुझ्या वडिलांना विचार मीठ हवं का.' आणि ते तीन फुटांवर.

मी शेवटी हातच थांबवले. "हे काय चाललंय, मला कुणीतरी सांगेल का?"

आईने सांगितलं ते असं. तिला ही शर्यत करायची होती. जोडीला एक मैत्रीण होती, तिने ऐनवेळी पाय मागे घेतला. मग आईने सायकल दुरुस्तीच्या दुकानात चिठ्ठी लावली. 'डोंगरातल्या शर्यतीसाठी जोडीदार हवा. वय साठच्या पुढे चालेल. वेळ पाळणारा असावा.' खाली घरचा फोन नंबर. बाबा त्याच दुकानात चेन घालून घ्यायला गेले. नंबर पाहिला. तो कसा विसरतील, घेतला त्यांनीच होता. त्यांनी घरी जाऊन फोन केला.

"काय म्हणालात?" मी बाबांना विचारलं.

"म्हटलं, जोडीदार हवाय असं लिहिलंय."

"आणि तू?" मी आईला.

"मी म्हटलं, मग लिहिलंय तर हवाच असेल ना."

ते त्याच दुकानात जातात हे तुला माहीत होतं का, असं मी तिला विचारलं. तिने टेबलावर कूस बदलली. म्हणाली, "तुला काय करायचंय? पोटरी बघ."

सात महिने ही दोघं पहाटे निघून डोंगर चढत होती. माझ्या नाकाखाली. मला आनंद झालाय की राग आलाय तेच कळत नाही. तुला राग येईल हे मात्र नक्की कळतंय. आपल्याला सोडून गेलेल्या माणसाला तिने असं सोबत घ्यावं, हे मलाही पचत नाहीये. मी त्यांना भेटते ती माझ्या जिवाची गरज म्हणून. आईने त्यांना कशाला माफ करावं?

ताई


गुरुवार, दुपार

काल लिहिलं नाही. आज लिहिते आहे तर अक्षर असं येतंय. समजून घे.

आधी शर्यतीचं सांगते, कारण ते सोपं आहे.

कालचा टप्पा जंगलातला. मोठ्या चढाच्या माथ्यावर एक जुनं पंपघर आहे, आणि तिथून वळण घेऊन वाट खाली एका लोखंडी फाटकाशी जाते. आई चढावर चांगली, ती पुढे. माथ्यावर पोचली आणि पंपघराच्या मागे गेली. कशाला ते तुला सांगायला नको, बायकांना जंगलात दुसरी सोय नसते. नेमके त्या मिनिटात बाबा पुढे निघून गेले. फाटकावर स्वयंसेवक होता, तो म्हणाला, बाई काही इथून गेल्या नाहीत. म्हणजे ती मागे आहे. बाबा सायकल धरून तिथेच उभे राहिले.

आई पंपघरामागून आली. बाबा दिसेनात. म्हणजे अजून चढताहेत. ती पायरीवर बसली.

ते फाटकाशी, ही पायरीवर. मधे एक वळण. बाकीच्या जोड्या जाताहेत. उलट दिशेने सायकल चालवायची नाही असा नियम आहे, म्हणून बाबा मागे आले नाहीत. मी नंतर म्हटलं, अहो, चालत यायचं होतं. म्हणाले, "मागे जा असं कुणी सांगितलं नाही." आणि आईला उतरून बघायला काय झालं होतं? ती म्हणाली, "मी का जाऊ? येतील की."

शर्यतीच्या सगळ्यात मागे एक सायकलवाला असतो, राहिलेल्यांना गोळा करत आणतो. त्याला इथे सगळे झाडूवाला म्हणतात. तो पंपघरापाशी आला आणि म्हणाला, "काकू, चला. माझ्या मागे कुणी नाही."

"माझे... माझा जोडीदार येतोय अजून."

"मागे झाड न् झाड बघून आलोय, काकू. कुणी नाही."

झाडूवाल्याने मला नंतर सांगितलं की काकूंचा चेहरा असा झाला की त्याला वाटलं यांना काहीतरी होतंय. तिने सायकल उचलली आणि तो उतार अशी उतरली की त्याला तिला गाठता येईना. फाटकाशी बाबा उभे. म्हणाले, "आलीस?" आणि आईने त्यांना फाडून खाल्लं. स्वयंसेवक बाजूला जाऊन उभा राहिला. दंड झाला, वर ताकीद. अख्ख्या छावणीत तो दिवसभराचा विनोद होता. मीही हसले. म्हटलं, ही अशी चूक करणारी जोडी शोधून सापडायची नाही.

संध्याकाळी आई टेबलावर पालथी पडली. या टेबलाला तोंडासाठी भोक असतं. तिथून बोलणाऱ्याला फक्त जमीन दिसते, समोर माणूस नसतो, म्हणून लोक तिथे काय काय बोलून जातात. मी पाठ दाबत होते. ती खालच्या गवताला म्हणाली,

"तेव्हाही असंच झालं गं."

"केव्हा?"

"ते गेले तेव्हा."

माझे हात तिच्या पाठीवर तसेच राहिले.

"ते गेले नव्हते," आई म्हणाली. "मी घालवलं. त्यांची बदली लांबच्या बंदरावर आली होती. मला विचारलं, काय करू. माझी इच्छा होती त्यांनी स्वतःहून नाही म्हणावं. माझ्याकडून वदवून कशाला घ्यायचं? मला राग आला. म्हटलं, जा. जायचंय तर जा, आणि कायमचे जा. परत तोंड दाखवू नका. असं माणूस म्हणतं गं. मला वाटलं, शनिवारी येतील. शनिवारी मी जेवायला थांबले होते."

"आई, तू आम्हाला सांगितलंस ते सोडून गेले."

"गेलेच होते की."

"तू म्हणालीस म्हणून गेले, हे नाही सांगितलंस."

"आज येतील, उद्या येतील, असं म्हणता म्हणता धाकट्याने त्यांच्यावर फुलीच मारली. मग कोणत्या तोंडाने सांगू?"

ठोंब्या, मी तंबूबाहेर आले आणि बर्फाच्या खोक्यावर बसले. किती वेळ बसले माहीत नाही. मला वाटत होतं की आपलं बालपण कुणीतरी पुसून त्यावर दुसरंच लिहिलंय. तू बारा वर्षांचा होतास. शाळेत वडिलांचं नाव सांगायचं टाळायचास. तू तुझ्या लग्नात त्यांना बोलावलं नाहीस. हे सगळं कशावर उभं होतं? एका वाक्यावर, जे तिने रागात म्हटलं आणि त्यांनी खरं धरलं.

मला आईचा इतका राग आलाय की मी आज सकाळी तिच्या दुखऱ्या मनगटाला पट्टी बांधताना एक शब्द बोलले नाही. ती पण बोलली नाही. आम्ही दोघी कुणाच्या ते लगेच कळावं.

ताई


शुक्रवार, संध्याकाळ

ठोंब्या,

आज बाबांना धरलं. मैदानाच्या कडेला बास्केटबॉलच्या खांबाला सायकल टेकवून ब्रेकचे रबर बदलत होते. मी समोर उकिडवी बसले आणि सरळ विचारलं. आईने जा म्हटलं होतं का?

"हो."

"आणि तुम्ही गेलात."

"जा म्हटल्यावर काय करतात?"

"ती रागात होती, बाबा."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. क्रेनचं मला पुन्हा सांगितलं, लहानपणी सांगायचे तसंच. वर बसलेल्याला खालचं काही नीट दिसत नाही. खाली एक माणूस हात दाखवतो. उचल म्हणजे उचल, थांब म्हणजे थांब. वरच्याने आपलं डोकं चालवलं तर खाली कुणीतरी चिरडतं. "मी तीस वर्षं डोकं चालवलं नाही, म्हणून कुणी मेलं नाही," ते म्हणाले.

"घर म्हणजे बंदर नाही."

"तेच म्हणतो ना. मला ते उशिरा कळलं." मग पाना पुन्हा उचलला. "आणि खरं सांगू का, तेवढंच नव्हतं. आधी मला राग होता. मग लाज वाटायला लागली. मग सवय झाली. तिनं बोलावलं नाही, हे कारण सोपं होतं. ते धरून बसलो."

मी त्यांना ओरडायचं ठरवून गेले होते. ओरडता आलं नाही. एवढंच विचारलं की मग माझ्याकडे रविवारी कसे यायला लागलात.

"तू म्हणालीस."

आणि खरंच, ठोंब्या. कॉलेजात असताना मी त्यांना रस्त्यात गाठून रडत म्हटलं होतं, दर रविवारी या. तेव्हापासून एक रविवार चुकला नाही. आजारी असले तरी येतात, दारात खोकतात आणि जातात. मला वाटायचं माझ्यावर जास्त जीव आहे. तसं काही नव्हतं. मी म्हटलं होतं, एवढंच.

मग मी तुझा विषय काढला. तुझ्या लग्नाआधी तू त्यांना फोन केला होतास, हे मला आजच कळलं. मला तू सांगितलं होतंस की त्यांना काही कळवलंच नाहीस. ते म्हणाले, "त्याने फोन करून सांगितलं, येऊ नका. नीट बोलला. मी म्हटलं बरं."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. त्या दिवशी जादा पाळी मागून घेतली, वर जाऊन बसलो. पण त्याचा दिवस. त्याचं म्हणणं."

म्हणजे तू फोन केलास. बोलावण्यासाठी नाही, तर येऊ नका म्हणायला. मला हे ऐकून आधी तुझा संताप आला. मग वेगळंच आठवलं. ते शेवटी लिहीन, आधी इथलं उरकते.

आज आई पडली. शेवटच्या उतारावर, ओल्या मुळीवरून. ते मनगट, ज्याला मी न बोलता पट्टी बांधली होती, तेच. बाबा मागे होते. ते तिला सायकलसकट धरून चालवत रेषेपर्यंत घेऊन आले. नियमात बसलं, दोघं एकदम पोचली. मनगट आत्ताच पोळीसारखं फुगलंय. उद्याचा टप्पा शेवटचा. ती म्हणते, उद्या उतरेल सूज. मी सूज रोज बघते. उतरायची नाही. पण उद्या सकाळी तिला ते मीच सांगायचं आहे, आणि ती माझ्याशी बोलत नाहीये.

ताई


शनिवार

ठोंब्या,

हे पत्र नीट वाच. बाकीची नाही वाचलीस तरी चालेल.

सकाळी डॉक्टरने आणि मी मिळून आईला नाही म्हटलं. हाड चिरलेलं असावं असा त्याचा अंदाज. तिने वाद घातला नाही. खुर्चीत बसली आणि समोर बघत राहिली. सात महिने पहाटे उठून, गुडघ्यांना फसवून, आपल्याला फसवून ती इथवर आली होती आणि एक टप्पा राहिला होता. मला तिची इतकी दया आली की परवाचा राग कुठे गेला कळलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने ठेवू दिला.

नियम असा की जोडीतला एक गळाला तर दुसऱ्याला एकट्याने जाता येतं. जोडीचा क्रमांक जातो, पण शर्यत पूर्ण केल्याचं पदक त्याला मिळतं. पंचाने येऊन ते समजावलं. हातात एकट्यांसाठीची पिवळी पाटी होती.

बाबा आईकडे बघत होते. मला मध्ये घालायचं सोडून थेट तिलाच म्हणाले, "काय करू?"

 

आई म्हणाली, "जा तुम्ही. एवढं केलंत, वाया कशाला घालवताय."

"बरं," बाबा म्हणाले.

आणि निघाले. मी आ वासून बघत राहिले. काल ते माझ्यासमोर बसून म्हणाले होते की उशिरा कळलं. काय कळलं होतं मग? त्यांनी ती पिवळी पाटी घेतली, हँडलला व्यवस्थित बांधली, ओढून बघितली. हेल्मेटचा पट्टा लावला. रेषेशी जाऊन सगळ्यात मागे उभे राहिले. मी आईला म्हणाले, "आई, ते जाताहेत."

"मला दिसतंय."

"थांबा म्हण ना."

"त्यांना जायचं असेल."

"तूच जा म्हणालीस."

 भोंगा झाला. पुढच्या जोड्या सुटल्या, धूळ उठली, बाबांची पाठ त्या धुळीत शिरली. मी मनातून त्या माणसाला सोडून दिलं, खरं सांगते. म्हटलं, ठोंब्याचंच बरोबर. याला काही वाटत नाही.

तेवढ्यात आई उठली. मनगट छातीशी धरून ती दोरीपर्यंत चालत गेली. "अहो," म्हणाली. नेहमीच्या आवाजात, स्वयंपाकघरातून हाक मारावी तशी. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला ते कसलं ऐकू जातंय. मग ती दोरीखालून वाकून रेषेवर गेली आणि जी ओरडली, तिचा तसला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"अहो, परत या. मी बोलावतेय. परत या."

सगळी छावणी वळून बघायला लागली. ती कुणाकडे बघत नव्हती. बाबांनी ब्रेक लावला. मागे न वळता उजवा हात वर केला आणि मूठ मिटली. बंदरावर त्याचा अर्थ समजलं असा होतो, लहानपणी ते आपल्याला शिकवायचे. मग सायकल फिरवली. पंच ओरडला, काका, रेषा उलटी ओलांडली तर बाद व्हाल. ते आले. रेषेवरून आले, तिच्यापुढे उतरले. दम लागला होता.

"एवढ्यात आलात?" आई म्हणाली.

"बोलावलंस ना."

"हो," ती म्हणाली. "बोलावलं."

आणि दोघं तिथेच उभी राहिली. पदक नाही, क्रमांक नाही, काही नाही. मी मात्र एवढी रडले की माझी मदतनीस मुलगी माझ्यासाठी बर्फ घेऊन आली.

आता ते, जे काल राहिलं होतं.

तुझ्या लग्नात मी तुझ्या मागेच उभी होते. तू सारखा दाराकडे बघत होतास. मला वाटलं, कुणी मित्र यायचा असेल. फोटो काढून झाले, जेवणं झाली, लोक निघाले, तरी तू बघत होतास. आणि नंतर कितीदा तरी, दुसऱ्याच कशावरून चिडून, तू मला म्हणाला आहेस, "साधे आले पण नाहीत गं." मी ते कधी नीट ऐकलंच नाही. ज्याला बोलावलं नाही तो आला नाही म्हणून चिडतोस कसा, असं मला वाटायचं. पण तू फोन केला होतास. येऊ नका म्हणालास आणि दाराकडे बघत बसलास. आई त्या शनिवारी जेवायला थांबली होती, तसाच.

तू आईचा मुलगा आहेस, ठोंब्या. अगदी तिचाच.

मी तुला माफ कर असं सांगत नाहीये. ते तुझं तू बघ. रागावायचं तर तिघांवर रागाव, माझ्यावरही. पण एकदा त्यांना फोन कर. आणि 'जमलं तर बघा' म्हणू नकोस, ते बघणार नाहीत. 'तुमची इच्छा' म्हणू नकोस, ते बरं म्हणतील आणि फोन ठेवतील. 'या' म्हण. दिवस सांग, वेळ सांग, पत्ता सांग. माणूस सात समुद्र ओलांडून तुझ्या दाराशी वेळेआधी येऊन उभा राहील.

आणि बेल वाजवा, असंही सांग.

ताई